सुफियाचा पुढचा ब्रेक

पोपट भालेरावांचं आयुष्य चाव्या बसवण्यात गेलं. कुलपाच्या नव्हेत, रुळाच्या. रेल्वेत ते कीमन. पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून आपल्या वाटणीच्या रुळावरून चालत निघायचं, रूळ स्लीपरला धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघत जायचं, सैल असली की हातोडा घालायचा, निघाली असली की पुन्हा बसवायची. आपण खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेत दौंडला उतरतो ते अशाच कुणाच्या तरी जिवावर, पण त्याचं नाव विचारायला कुणाला फुरसत आहे? पोपटरावांना त्याचं दुःख नव्हतं. अभिमान मात्र होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता. "माझ्या हातनं बसलेली चावी सुटली, असं आजपत्तुर झालं न्हाई," हे वाक्य ते लग्नाच्या मांडवात म्हणत, केस कापायला बसले की म्हणत, एकदा तर दहाव्यालाही म्हणाले होते. त्यांची बायको माया त्यावर म्हणायची, "व्हय, आन् न्हाणीघराची कडी दिवाळीपासून लोंबतीय ती कुणाची?"

असा आठवडाभर चालून पाय मोडलेला माणूस रविवारी पांघरूण ओढून झोपेल असं कुणालाही वाटेल. पोपटराव सायकल काढायचे. केडगावात त्यांची टोळी होती. टोळी म्हणजे चार माणसं. एक स्वतः पोपटराव. दुसरे इलाही आचारी, ज्यांच्या हातच्या पुलावाशिवाय पंचक्रोशीत लग्न लागत नाही. तिसरे राहूचे हौसराव, गुऱ्हाळाचे मालक, ज्यांना पुण्यातल्या मुलाने एक महागडी, करंगळीवर उचलावी अशी हलकी सायकल आणून दिली होती आणि ते तिचं कौतुक सांगताना थकत नसत. चौथी इलाहींची मुलगी सुफिया. ती दौंडला कॉलेजात होती आणि या तिघांच्या मिळून जितका दम होता त्याच्या दुप्पट दम तिच्या एकटीच्या छातीत होता.

सायकलवाल्यांच्या गप्पा बाहेरच्या माणसाने ऐकू नयेत. टायरात हवा किती असावी यावर ही मंडळी चौफुल्यापासून यवतपर्यंत भांडू शकतात. सीट अर्धा बोट वर की खाली, ट्यूब चांगली की बिनट्यूबचं चाक, केळं खावं की गूळशेंगदाणा. आणि वारा! जगातला सगळा वारा यांच्या तोंडावरच येतो, जातानाही आणि येतानाही. हौसराव आणि पोपटराव यांचं तर जन्मात एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

या टोळीत पोपटरावांनी एक रीत पाडली होती. दुसऱ्याच्या सायकलला हात लावला, की परत देताना पान्याने एकेका भागावर टकटक करायची आणि त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. चाक. नट. ब्रेक. साखळी. चारही नावं घेतल्याशिवाय सायकल हातातून सोडायची नाही. रुळावरची सवय त्यांनी सायकलवर आणली होती. सुरुवातीला हौसराव हसले, पण पुढे तेही मुकाट्याने टकटक करू लागले.

त्या रविवारी भुलेश्वरचा बेत होता. यवतवरून आत वळायचं, डोंगराच्या पायथ्याला चहा घ्यायचा आणि घाट चढायचा. इलाहींना वरवंडला लग्नाची ऑर्डर होती, म्हणून ते येणार नव्हते. आदल्या संध्याकाळी ते सुफियाला घेऊन पोपटरावांच्या दारात आले. सुफिया म्हणाली, "काका, मागच्या ब्रेकचे रबर पार झिजल्यात. दाबला तरी सायकल पळतीच." पोपटरावांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बदलू. पुढचा भक्कम हाय की. घाटात त्योच कामाला येतो." इलाही निघताना एवढंच म्हणाले, "पोपटराव, पोरगी तुमच्या हवाली."

"तुम्ही पुलावाकडं बघा," पोपटराव म्हणाले.

सकाळी पायथ्याच्या टपरीवर चहा होईपर्यंत सुफियाच्या पुढच्या चाकातली हवा गेली होती. बाभळीचा काटा. पोपटरावांनी बाह्या सारल्या. चाक काढायचं तर आधी ब्रेकची तार कडीतून सोडवावी लागते, नाहीतर टायर रबरांत अडकतं. त्यांनी तार सोडवली, चाक काढलं, ट्यूबला ठिगळ लावायला घेतलं. हौसराव बाकावर चहा भुरकत बसले होते.

"नवी ट्यूब टाका की. ठिगळं कसली लावताय?" हौसराव म्हणाले.

"ठिगळ चांगलं बसलं तर नव्या ट्यूबच्या वर चालतंय."

"तरीच रेल्वे लेट असती. सगळा ठिगळांचाच कारभार."

सुफिया हसली. पोपटरावांचे कान तापले. त्यांनी चाक बसवलं, नट आवळले, हवा भरली आणि पाना हातात घेतला. "चाक," ते म्हणाले आणि टकटक केलं. "नट."

"आवरा पोपटराव, सूर्य डोक्यावर आला. तुमच्या टकटकीत माझा गूळ करपंल!"

झालं. पोपटराव पाना घेऊनच हौसरावांकडे वळले. "हौसराव, तुमची सायकल हलकी हाय ह्ये मान्य. पर तिच्यावर बसणाराबी तेवढाच हलका हाय. माझ्या हातनं बसलेली चावी आजपत्तुर सुटली न्हाई, म्हाईत हाय ना?" टपरीवाला हसला, हौसराव हसले, आणि जिंकल्याच्या आनंदात पोपटराव हात धुवायला टपरीमागच्या पिंपाकडे गेले. ते पंप गुंडाळून पिशवीत भरेपर्यंत सुफिया आणि हौसराव पुढे निघाले होते.

घाटात पोपटराव नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे. सुफिया केव्हाच वळणाआड दिसेनाशी झाली. तिची एक खोड होती. ती वर देवळापर्यंत जायची, तिथूनच सायकल फिरवायची, भन्नाट वेगाने खाली यायची आणि या म्हाताऱ्यांना गाठून त्यांच्याबरोबर पुन्हा चढायची. एक घाट तिला पुरत नसे.

कठडा मोडलेल्या वळणावर पोपटरावांचा गुडघा बोलायला लागला. ते उतरले. थांबले की स्वतःच्या सायकलवरही हात मारायची त्यांची सवय होती. पाना काढायचा कंटाळा म्हणून त्यांनी नुसती बोटाने टकटक केली. चाक. नट. ब्रेक.

ब्रेक.

हा शब्द आज सकाळी तोंडातून निघाला नव्हता. त्यांनी आठवून बघितलं. 'नट' म्हटलं. मग हौसराव गुळाचं काहीतरी बोलले. मग आपण वळलो. मग हात धुतले. तार कडीतून सोडवलेली स्पष्ट आठवत होती, बोटाला लागलेली तिची टोचणीही आठवत होती. ती परत अडकवलेली काही केल्या आठवेना. पुढचा ब्रेक सुटा, मागचा नावाला, आणि पोरगी वरून कुठल्याही क्षणी सुटणार. चढताना ब्रेक कुणी दाबत नाही. तिला कळेल ते पहिल्या उतारावर, वेग पकडल्यावर.

त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. सायकलवर फोन आवाज बंद करून पाठीवरच्या पिशवीत ठेवायचा, हा नियमही पोपटरावांचाच.

वर बघितलं तर हौसरावांची पिवळी टोपी पुढच्या चढावर दिसत होती. एक हाक पुरली असती. हौसराव हलक्या सायकलवर भराभर वर गेले असते, निदान दोघांच्या मिळून डोक्याने काहीतरी सुचलं असतं. पोपटरावांनी तोंड उघडलंही. पण हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं? 'हौसराव, मी ब्रेक लावायला विसरलो.' पान्यासकट त्यांच्यासमोर उभं राहून फुशारकी मारल्याला तास झाला नव्हता. हे आता केडगावपासून राहूपर्यंत प्रत्येक चहाला निघणार, मांडवात, सलूनमध्ये, दहाव्यालासुद्धा. तोंड मिटलं.

तेवढ्यात देवळाकडे निघालेली एक पिकअप मागून आली. मागे माणसं दाटीने उभी होती. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि मान बाहेर काढली. "काय झालं आबा? पंक्चर का?"

आता सांगायचं होतं. 'वर एक पोरगी हाय, निळी सायकल, तिला थांबवा.' एवढंच. ड्रायव्हर भला माणूस होता, गाडी हाणत गेला असता.

"काय न्हाई," पोपटराव म्हणाले. "दम खातोय. जावा तुम्ही."

इथे त्या माणसाची मान धरून गदागदा हलवावीशी वाटते. पोपटराव वाईट नव्हते हो. सुफियाला त्यांनी लहानपणी सायकलच्या नळीवर बसवून शाळेत सोडलं होतं. पण माणसाला आपल्या नावाची एकदा चटक लागली की ते नाव जीव घेऊ लागतं तरी सोडवत नाही. पिकअप गेली तसे ते सायकलवर चढले आणि ठरवलं, आपणच गाठायचं. कुणाला न सांगता तिला गाठायचं, 'जरा ब्रेक बघू गं' म्हणायचं, आणि तार अडकवून टाकायची. झाकली मूठ राहील.

ते उभे राहून पायडल मारू लागले. गुडघ्यात सुरी फिरावी तशी कळ येत होती. पहिलं वळण गेलं. हौसराव जवळ आले. पोपटराव उजवीकडून पुढे निघाले तसे हौसरावांनी मान वळवून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आरं तिच्या! इंजिन तापलं आज!" हौसराव ओरडले आणि त्यांनी गिअर टाकला. आजवर या घाटात पोपटरावांनी त्यांना कधी मागे टाकलं नव्हतं आणि आज टाकू द्यायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. "या, या! बघू रेल्वेचा दम!"

पोपटराव डावीकडे गेले, हौसराव डावीकडे. उजवीकडे गेले, तर ही हलकी सायकल पुन्हा समोर. "सरा हौसराव," पोपटराव कसंबसं म्हणाले.

"सरा म्हणं! मागा की जागा, हॉर्न द्या की!"

"सरा वो!"

"गूळ खाऊन या आधी!"

दुसरं वळण आलं. पोपटरावांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, कानात स्वतःचंच रक्त धडधडत होतं, आणि त्या धडधडीतून त्यांना वरून घंटी ऐकू आली. सुफियाची घंटी. ती वळणाआधी दोनदा वाजवायची. ती सुटली होती.

"हौसराव!" पोपटरावांचा आवाज फाटला. "पोरीचा ब्रेक मी लावला न्हाई! पुढची तार तशीच सुटी हाय! ती खाली येतीया!"

हौसरावांनी जागच्या जागी पाय टेकले. ते हसले नाहीत, एक शब्दही टोचून बोलले नाहीत. एवढी जपलेली सायकल त्यांनी रस्त्याकडेच्या खडीवर आपटली आणि गळ्यातला टॉवेल फडकावत वर पळत सुटले. "सुफे! थांब! सुफे!" साठीचा माणूस, धोतराऐवजी ती घट्ट चड्डी घातलेला, घाटात बोंबलत पळत होता. पोपटराव सायकल टाकून त्यांच्या मागे. गुडघा कुठे होता नव्हता तेही कळत नव्हतं.

निळी सायकल वळणातून बाहेर आली. वेगात होती. पोपटराव हौसरावांना ओलांडून पुढे गेले आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. थांबवता आली नाही तर छातीवर घेऊ, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

चाकं करकरली. सायकल त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"काका!" सुफिया किंचाळली. "असं आडवं येत्यात व्हय? मरायचं होतं का दोघांनीबी?"

पोपटराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पुढचा ब्रेक बघितला. तार कडीत अडकवलेली होती. घट्ट, नीट, जशी असावी तशी.

"ही... कुणी लावली?"

"मीच की. टपरीवर." सुफिया दम घेत म्हणाली. "तुम्ही हात धुवायला गेलता तवा दाबून बघितला, तर ढिल्ला. मग लावला." तिने हौसरावांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हौसआबा तुमची खेचत होते, म्हटलं आता आणखी कशाला. तुमचं त्या चावीचं तुम्हाला लई हाय ना काका. म्हणून बोलले न्हाई."

हौसराव रस्त्यातच बसले आणि मोठमोठ्याने हसू लागले. भीती निघून गेली की येतं तसं, थांबता न येणारं हसू. "आरं देवा! आन् आमी हिथं मरायला लागलोय!"

इथे सगळं संपवता आलं असतं. हौसरावांना वाटत होतं, पोपटरावांना आत्ताच आठवलं आणि आत्ताच ते ओरडले. फोन कितीदा लावला ते सुफिया नंतर बघेल, पण तो कुठून लावला हे तिला कसं कळणार? पिकअपवाला तर ओळखीचाही नव्हता. पोपटराव हौसरावांच्या हसण्यात सामील झाले असते तर ही गोष्ट गमतीची म्हणून आयुष्यभर पुरली असती. ते सामील झाले नाहीत. पोरीने त्यांचं नाव राखण्यासाठी तोंड बंद ठेवलं होतं, आणि तेच नाव राखण्यासाठी त्यांनीही. दोन्ही गप्प बसणं एकसारखं नव्हतं, हे त्यांना सायकलच्या त्या कडीकडे बघताना लख्ख दिसलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"मला खालीच कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"ब्रेकचं. ते मोडक्या कठड्याचं वळण हाय ना, तिथं. हौसराव म्होरंच दिसत होते. हाक मारली न्हाई. एक पिकअपवाला थांबून इचारत होता, त्यालाबी जाऊ दिलं."

हौसरावांचं हसू थांबलं. सुफियाने आधी पोपटरावांकडे बघितलं, मग वळून खालच्या रस्त्याकडे. मोडका कठडा तिथून स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्या पलीकडची खोल दरीही.

"का?" तिने विचारलं.

"हौसराव हसतील म्हणून."

"मागच्या रबराचं मी काल सांगितलं होतं तुम्हाला."

"व्हय."

"तरीबी?"

"तरीबी."

काही झालं नव्हतं, हातापायाला खरचटलंही नव्हतं, पण सुफिया आता रडत होती, आणि रडण्यात राग होता. "मी अब्बांना काय म्हणत असते म्हाईत हाय? पोपटकाका मागं हायेत म्हटल्यावर मला भ्या न्हाई, असं म्हणत असते." ती सायकल कठड्याला लावून त्यांच्याकडे पाठ करून बसली. हौसराव चाचरत म्हणाले, "पोरी, मीबी उगंच त्यांना..." "तुम्ही गप बसा आबा," ती म्हणाली.

पोपटरावांनी खिशातून फोन काढला आणि इलाहींना लावला. पलीकडे मांडवाचा गोंगाट होता, मोठ्या डेगीवर उलथनं आपटल्याचा आवाज येत होता. पोपटरावांनी सगळं सांगितलं. तार, पिकअप, हौसराव, सगळं, पहिल्यापासून. सांगून झाल्यावर उलथन्याचा आवाज थांबलेला होता.

"पोरगी बरी हाय?" इलाहींनी विचारलं.

"बरी हाय. तिनं आधीच लावला होता."

"ते ऐकलं मी. तुम्हाला ते म्हाईत नव्हतं ना?"

"न्हाई."

"कळल्यावर किती गप बसला तुम्ही?"

"दोन वळणं."

इलाहींनी डेगीवर झाकण ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर पोपटरावांना बरं वाटलं असतं.

"दोन वळणं लई झाली, पोपटराव," इलाही म्हणाले. "लई झाली. माझी एकच लेक हाय."

"व्हय."

फोन कुणीच ठेवला नाही. पोपटराव रस्त्याच्या कडेला कानाला फोन लावून उभे होते. पलीकडे कुणीतरी इलाहींना मीठ बघायला बोलावत होतं.

"तिघंबी हिकडंच या," इलाही म्हणाले. "पुलाव उतरवायला घेतलाय. तुम्हीबी या पोपटराव. तुम्ही न्हाई आलात तर ती जेवायची न्हाई."

पोपटरावांनी फोन खिशात ठेवला. ते तिथेच खडीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले.